धुराडं

कॅम्पातल्या डिमेलोबाईंनी रद्दीत काढलेलं
विलायती पत्र्याचं स्टेशन.
फलाटाला गंज, एक दार गायब,
छपरावर धुराडं,
बर्फाच्या देशातलं.

लिंबू, पॉलिश पेपर, तीन रविवार.
दार कापलं निपाणीच्या तपकिरीच्या डबीतून.
कौलांना रंग जमेना,
शेवटी खानापूरची मातीच चाळून कालवली.

पाटीवर ‘लोंडा’ मराठीत मी लिहिलं,
कन्नडमध्ये शेजारच्या इरण्णाने,
जीभ दातांत धरून.

धुराडं उडवायला मी करवत उचलली.
तो म्हणाला, ‘राहू दे की ओ,
खाली चहाची शेगडी आहे म्हणायचं.’

आता मिरजेची गाडी
पलंगाखालून वळसा घेऊन येते
आणि माझं बोट बटणावर जातं.
दोन मिनिटं थांबते.
कुणी उतरत नाही.
इरण्णा वाकून खिडकीत विचारतो,
साखर किती?