जिभेवरचं वजन

डेमिंगच्या बाहेर, हायवेला लागून,
जुन्या ट्रेलरांचं आवार.
वाळूच्या वाऱ्यानं सगळ्यांचा रंग
पश्चिमेकडच्याच बाजूनं उडालेला.
ऑर्विल टिबेट्स दात कोरत म्हणाला,
हिंडा, झोपून बघा, नळ तेवढे सोडू नका.

घर विकून अकरा दिवस झाले होते.
व्हर्लिनच्या हातात मोजपट्टी,
खिशात ट्रकच्या दारावरून उतरवलेले आकडे :
किती ओढेल, किती उचलेल, किती थांबवेल.
माझ्याकडे फक्त एक पिशवी.
बिडाचा तवा, त्याचं रात्री श्वास घ्यायचं यंत्र,
आणि माझी शिवणाची टोपली, झाकण न लागणारी.
ही तिन्ही जिथे मावतील तिथे आम्ही मावू,
एवढाच माझा हिशेब.

पहिल्याची भिंत बटणावर बाहेर सरकायची.
खोली पोट फुगवायची, बरं वाटायचं.
पण भिंत मिटली की फ्रीजचं दार उघडेना.
म्हणजे वाटेत थांबून दोन घास खायचे
तर आधी सगळं घर उलगडा.

दुसऱ्यात पलंग भिंतीला चिकटलेला.
रात्री तीनदा उठणारा माणूस
आत झोपला तर मला ओलांडणार,
बाहेर झोपला तर पडणार.
मी दोन्हीकडून झोपून पाहिलं, बूट घालून.

तिसरा सुंदर होता. फार सुंदर.
खिडकीखाली अंगठा दाबला
तर जमीन ओल्या पावासारखी खचली.
ऑर्विल म्हणाला, किरकोळ आहे.
व्हर्लिन म्हणाला, दुरुस्त होईल.
मी म्हटलं, सलायनाचं घरही
एकतीस वर्षं दुरुस्तच होत होतं.
हे मी जरा मोठ्यानं म्हटलं.

तो काही न बोलता पुढे गेला,
ट्रकला जोडायच्या लोखंडी दांड्याशी वाकला.
ऑर्विल मला समजावू लागला :
याला जीभ म्हणतात, बाई.
जिभेवर भार कमी पडला
की मागचं घर रस्त्यावर शेपटीसारखं हलतं.
जास्त पडला की ट्रकचं नाक वर,
चाक फिरवलं तरी पुढचं वळेना.
शंभरातले दहा ते पंधरा.
व्हर्लिननं लिहून घेतलं.
मी तोंडपाठ केलं.
आमच्या दोघांच्या जिभांना हाड नाही,
आता ही तिसरी, निव्वळ लोखंडाची.

चौथा एकवीस फुटी, खिळ्याखिळ्याला गंज.
संडासात दार लावून बसले : गुडघे दाराला.
चालेल.
बेसिनखाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं :
गरम पाणी उलट्या बाजूला आहे, घाई करू नका.
मी ऑर्विलला विचारलं,
यात भांडण झाल्यावर कुठे बसायचं?
त्याची काडी तोंडातच राहिली.
टाकी किती गॅलनची, छप्पर कधी बदललं,
हे सगळे विचारतात म्हणाला,
हे अजून कुणी नाही.

याला दारं दोन होती.
एकातून व्हर्लिन उतरला, डोंगराकडे तोंड करून बसला.
दुसऱ्यातून मी, हायवेकडे.
मध्ये दोन इंच भिंत, आत कसलासा कापूस.
मालट्रक जात होते, तोवर कुणी बोललं नाही.
मग भिंतीतून आवाज आला :
वजन बसतंय.
मी जरा थांबले.
तवा ओव्हनमध्ये मावतो, म्हटलं. टोपली नाही.
माझ्या पायाशी ठेव टोपली.
सुया आहेत तिच्यात.
आजवर काय कमी टोचल्या?

हसू आलं, पण भिंत होती, दिसलं नसणार.

प्लग एकच आहे पलंगापाशी, माझ्या बाजूला.
म्हणजे ते यंत्र माझ्या उशाशी राहणार,
त्याचा श्वास रात्रभर माझ्या कानावरून
त्याच्यापर्यंत जाणार.
आणि बटण माझ्या हाताशी.

किमतीवरून अजून घासाघीस व्हायचीय.
जमिनीचे चारही कोपरे
मी पुन्हा एकदा अंगठ्यानं दाबून येते.