गृहीतक

सांगली मार्केट यार्ड, काट्याची खोली.
लॉ सीईटीला अकरा दिवस.
प्रश्न एकेचाळीस : सर्व हळकुंडे पिवळी आहेत.
(पुस्तकात पेनं होती, निळी. मी बदललं.)
काही पिवळे सोने आहे.
म्हणून काही हळकुंडे सोने?
निष्कर्ष निघत नाही. ड.

बाहेर सौदा उरकला.
तात्यांच्या पापण्यांवरसुद्धा पूड.
हातातला हूक खिळ्याला अडकवत विचारतात,
"सुटलं का गं, रेवू?"
म्हटलं, यात आपल्या मनाचं काही धरायचं नसतं, तात्या.
दिलंय तेवढंच खरं मानायचं.

"मग सोप्पंय की," ते म्हणाले,
"आमचं तेच चाललंय."

बेचाळीस : विधानात सांगितलेलं नाही,
पण धरून चाललेलं काय?

पान धरायला त्यांनी अंगठा ठेवला होता.
ब आणि क च्या मधोमध
पिवळा ठसा.
खोडून बघितला.
पसरला.