तफूना ते फगालीई

अंतर ऐंशी मैल, थोडं कमीच.
वेळ पस्तीस मिनिटं, वारा समोरून असला तर चाळीस.
काउंटरवर मी रोज एवढं सांगतो,
आणि मग ते, जे नवख्याला दोनदा सांगावं लागतं:
उतराल तेव्हा तिथं उद्या असेल.

मधल्या समुद्रात रेघ आहे. वरून दिसत नाही.
पलीकडच्यांनी एका वर्षी कॅलेंडरातला अख्खा शुक्रवार गाळला
आणि ते आमच्या पुढं निघून गेले.
माझ्या पलीकडच्या साडूचा वाढदिवस नेमका त्या शुक्रवारी;
तो अजून म्हणतो, माझ्या वयातून एक वर्ष वजा करा.

विमान लहान. बोचक्यांबरोबर माणसंही काट्यावर चढतात.
वजन मी मोठ्यानं वाचत नाही,
कागदावर लिहून वैमानिकाकडं सरकवतो.

सोमवारी लिटिया आली.
काखेत गुंडाळी, बारीक विणीची चटई, मयताला न्यायची.
"हिच्यासकट धर," म्हणाली, "खाली ठेवणार नाही."
पंच्याऐंशी.

पहाटे फोन आला होता: इओसेफो मामा गेला.
"कधी?"
"आत्ता, सहाला," भाची म्हणाली. "मंगळवारी."
लिटियाच्या स्वयंपाकघरात सोमवार होता
आणि कोको उतू चालला होता.

"म्हणजे माझा भाऊ उद्या मेला,"
ती मला म्हणाली, जसं वेळापत्रक मीच लावलं होतं.
"काळ आला, वेळ अजून आली नाही.
मग आज त्याला गाठायचं तर कुठलं विमान?"

माझ्याकडं एकच होतं, दहाचं,
आणि तेही उद्यातच उतरणारं.
उद्याचं उद्या पाहू, असं म्हणायची सोय
या काउंटरवर नाही.
मी तिला खिडकीची जागा दिली.

त्याच संध्याकाळी त्याला ठेवला, घरापुढं, बापाशेजारी.
बुधवारी पहाटे पाचला ती तिकडून निघाली
आणि मंगळवारी पाच पस्तीसला माझ्यासमोर उतरली.
चटई नव्हती. हातात केळीच्या पानाचं पुडकं, अजून कोमट.
बाहेर जावई गाडी घेऊन उभा.
ती घड्याळासमोरच्या बाकावर बसली.

मी काही विचारलं नाही.
पाच पन्नास. झाडूवाल्यानं तिचे पाय उचलायला लावले.
जावयानं हॉर्न दिला, मग पुन्हा, जरा लांब.
सहा.
काही झालं नाही.
धावपट्टीपलीकडं कोंबडा आरवला, पण तो
साडेचारपासून आरवतच होता.

आणखी दोन मिनिटं थांबून ती उठली.
"झालं," म्हणाली, "आता इथंही गेला."

मग कुणी न सांगता काट्यावर चढली.
"वाच की. मोठ्यानं."
मी वाचलं: एक्क्याऐंशी.
"चटईचेच चार," ती म्हणाली,
आणि पुडकं माझ्या काउंटरवर विसरून
गाडीकडं गेली.