पेटी क्रमांक सतरा

लेबलावर लिहिलंय: सोनेरी.
टाचणीला आहे तो तपकिरी,
हरभऱ्याच्या जुन्या सालासारखा.
दर जुलैत प्रयोगशाळेत नवी मुलं येतात
आणि दर जुलैत कुणीतरी विचारतंच:
बाई, लेबल चुकलंय का?

अक्षर दिघे सरांचं आहे. ते चुकत नसत.
'र'ची शेपटी जरा लांब:
बडोदे, विश्वामित्रीचा डावा काठ, पुलाखाली,
बेशरमीच्या पानावर, सकाळी सव्वासात.

मी तेव्हा नुकतीच लागले होते, बाटल्या धुवायला.
नफटियो, म्हणायचा रमणभाई पट्टेवाला
(त्या झुडपाला, मला नव्हे),
तोडून फेका, पडेल तिथं रुजतो,
गाय हुंगते आणि पुढं जाते.
पुढं जात नाही तो हा.
डाळीएवढा. वरून फुगीर, खालून सपाट,
कडेनं काचेची झालर.
मुंगी आली की पाय, मिशा, तोंड सगळं आत,
पानाला असा चिकटतो
की नखानं काढावा म्हटलं तर पान फाटतं.

मादी पानाखाली अंडी घालते
पापुद्र्यावर पापुद्रा चढवून,
कुणी ओला पतंगी कागद घडी घालून ठेवावा तशी.
अळ्या काटेरी. कात टाकतात
पण टाकून देत नाहीत,
शेपटीच्या दुबेळक्यात अडकवतात,
तिच्यात स्वतःची घाण, मग पुढची कात,
मग आणखी घाण,
आणि ते सगळं पाठीवर छत्रीसारखं धरून
चरत राहतात.
मला शिसारी आली होती.
सर म्हणाले, आपल्या माळ्यावर काय असतं?

कोषातून निघतो तेव्हा फिका असतो, दुधी.
सोनं मागाहून येतं, दिवस जातात त्याला.
आणि ते सोनं म्हणजे रंगच नव्हे.
पंखांच्या कवचात पातळ थर,
थरांमध्ये ओल,
ओलीवर उजेड.
बस.
घाबरला की ओल सरकते, विझतो.
मेला की सुकते.

विषाच्या बरणीतून काढलेला पहिला किडा
सरांनी माझ्या तळहातावर ठेवला
आणि घड्याळ बघत बसले.
आधी कडा गेली. मग मधला भाग
थोडा हिरवट झाला, थोडा वेळ तांबूस.
संध्याकाळी डबा धुवायला उठले
तेव्हा हातात एक टरफल होतं.

त्यानंतर सर लेबल आधी लिहायला लागले.
किडा अजून बरणीच्या काचेवर चालतोय
आणि ते लिहितायत, फुंकर मारून शाई वाळवतायत,
मगच झाकण.

एकदा, सर निवृत्त झाल्यावर,
मी सतराव्या पेटीत ओला बोळा ठेवून ती बंद केली.
तिसऱ्या दिवशी एकाच्या कडेला
सुईच्या टोकाएवढं काही चमकलं.
दोघांना बुरशी आली.
बोळा काढला. कुणाला बोलले नाही.

यंदा विचारलं ते हेतलनं.
उत्तर दिलं नाही, म्हटलं, उद्या सकाळी पुलाखाली ये.
काठ अर्धा साफ केलाय यंत्रांनी,
उरलेल्या अर्ध्यात बेशरम, जांभळी, धूळ खात.
पलीकडे चिखलात मगर, ओंडक्यासारखी,
की ओंडकाच.
पानांना गोल गोल भोकं दिसली
तेव्हाच मला कळलं होतं.

तिनं मूठ उघडली आणि तिचं तोंड उतरलं.
तपकिरी.
बाई, हापण.
थांब, म्हटलं, हलू नकोस, श्वास लागू देऊ नकोस त्याला.
आजी सांगायची, त्यांच्या लहानपणी पोरी
हाच कपाळावर टिकली म्हणून बसवायच्या,
चालायला लागला की किंचाळायच्या.
हेतल हसली, हात हलला,
परत पहिल्यापासून थांबणं आलं.

वर पुलावरून रिक्षा गेली, दुधाची गाडी गेली.
मी घड्याळ बघत होते.
सातला पाच कमी.
झालरीच्या आत, एका बाजूनं,
ओल यायला लागली होती.