अंगावर काढणं

पहाटेचे चार पन्नास. हल शहर अजून काळोखात,
खाडीवरचा वारा खिडकीच्या फटीत शिट्टी घालतोय
आणि माझा घसा खवखवतोय.
थर्मामीटर म्हणतं, अडतीस एक.
चाचणीच्या पट्टीवर एकच रेघ.
एकच रेघ म्हणजे तो नाही.
जो आहे, त्याची पट्टी घरात नाही.

वॉर्डात, हात धुण्याच्या बेसिनशेजारी,
धोरणाचा लॅमिनेट केलेला सारांश आहे.
ताप असेल तर येऊ नका.
उतरल्यावर चोवीस तास येऊ नका,
आणि ठळक अक्षरांत: गोळी न घेता उतरलेला.
म्हणजे कुणीतरी गोळी घेऊन आलं होतं.

हजेरीचं धोरण वेगळ्या फायलीत.
वर्षात कितीदा आजारी पडलात, त्याचा वर्ग,
गुणिले एकूण दिवस.
सलग दहा दिवस अंथरुणात काढलेत तर दहा.
एकेक दिवस करून तीनदा, तर
तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस.
मिरजेच्या शाळेत घोकलेले पाढे
इथे असे उपयोगी पडतील वाटलं नव्हतं.
शहाण्यानं आजारी पडावं तर एकदाच, आणि घसघशीत.

माझं दोनदा झालंय, एकेक दिवस.

अंगावर काढणं:
फोलाशादेला हा शब्द समजावताना
मी हाताने खांद्यावर शाल ओढून घेतली.
तिनं लगेच मान डोलावली,
जशी काही तिच्याही आईनं तीच शाल विणली होती.

माझी आई क्षयाच्या वॉर्डात आया होती.
बावीस वर्षांत रजा नाही, माझा जन्म सोडून.
त्याबद्दल मिळालेला स्टीलचा डबा
तिनं कधी वापरायला काढला नाही.
खोकला आला की तोंडाला पदर लावायची,
म्हणायची, काही नाही गं, धूळ.

गेल्या जानेवारीत मीही म्हटलं, धूळ.
दोन गोळ्या, वर मास्क, आत माझाच गरम श्वास.
मिस्टर हेबलथ्वेटना उशा लावल्या, पाच.
आडवं झोपलं की ते बुडतात.
तीस वर्षं आइसलँडपर्यंत मासेमारी केलेला माणूस,
छातीत आता अर्धा पेला हवा.
म्हणाले, पोरी, तुझा आवाज बसलाय.
म्हटलं, तुमच्याशी भांडून.
ते हसले, आणि हसताना त्यांनी
खोल श्वास घेतला.

चौथ्या दिवशी दाराला पिवळी पट्टी.
सहा खाटा, सहाही खोकणाऱ्या.
मला कुणी काही विचारलं नाही.
कदाचित कुणाचा तरी नातू. कदाचित जेवणाची गाडी.
कदाचित सिस्टर ग्रिमशॉ, जिच्या खिशात
खोकल्याच्या गोळ्यांचा कागद चुरचुरत असतो.
अकरा महिने मी हे कदाचित मोजतेय.
अंगावर काढलेलं पुढे
कुणाच्या अंगावर जातं,
हे आमचा शब्द सांगत नाही.

फेब्रुवारीत मिस्टर हेबलथ्वेट गेले.
मराठीत एवढंच म्हणून थांबता येतं.
घरी गेले. मी दोनदा विचारून घेतलं.
या मंगळवारपासून पुन्हा दोन नंबरच्या खाटेवर आहेत.

पाच वाजता रजेचा नंबर लावला.
बाराव्या रिंगला कुणीतरी उचलला.
नाव? वॉर्ड? लक्षणं?
मध्येच फोन लांब धरून तो खोकला,
बराच वेळ.
सॉरी, म्हणाला. ही कितवी वेळ?
तिसरी.
किती दिवस?
चोवीस तास ताप नको, म्हणजे निदान दोन.
नऊ चोक छत्तीस.
दोन, म्हटलं.

खालून सव्वापाचची बस गेली,
माझ्या थांब्यावर क्षणभर रेंगाळून.

आज उशा दुसरं कुणी लावेल.
घाईत असेल, एका माणसाचं काम तिच्यावर जास्तीचं.
चार लावेल.
पाचवी ते मागणार नाहीत.