हजेरीचा कागद

आंब्याखाली खुर्च्या मांडल्या होत्या, पांढऱ्या, प्लास्टिकच्या,
नैरोबीहून ट्रकने आलेल्या. आमच्यासाठी नव्हे.
आम्ही मुळांवर बसलो.
मी मधे उभा. मला दोन्हीकडचं कळत होतं
म्हणून दिवसाचे पंधराशे शिलिंग
आणि एक टोपी,
तिच्यावर धरणाचं चित्र,
जे तेव्हा अजून बांधलेलंच नव्हतं.

साहेब म्हणाले, आता पूर येणार नाही.
आणि थांबले, टाळ्यांपुरती जागा सोडून.
मी ते आमच्या बोलीत सांगितलं, जसंच्या तसं,
आणि माणसं माझ्या तोंडाकडे बघत राहिली,
कुणी गेल्याची बातमी आणल्यासारखी.

ताना आमच्याकडे वर्षातून दोनदा दारापर्यंत येते.
गाळ ठेवते, मासे ठेवते, भाताची खाचरं भरून जाते,
जाता जाता पोरांच्या हातावर काहीतरी टेकवणाऱ्या
आत्यासारखी.
येणार नाही म्हणजे काय, हबुया कोमोराने विचारलं.
कुणी अडवलंय का तिला?

मी भाषांतर केलं : बाईंना पुराबद्दल शंका आहे.
साहेबांनी लिहिलं : लोकांना पुराची भीती आहे.

मग रकाने.
आंबा, फळता. आंबा, न फळता.
घर, गवती. घर, पत्र्याचं.
कबर, प्रत्येकी.
दाधो जिलोच्या बापाची कबर नदीनेच नेली होती कधीची.
त्याने विचारलं, तिचे किती?
सगळे हसले. तोही हसला.
पुराला रकाना नव्हता.

ऐकलंत ना सगळ्यांनी?
ऐकलं, लोक म्हणाले. कानाने.
पण ऐकणं या शब्दाला दोन दारं असतात
आणि अहवाल मागच्या दाराने आत शिरला.

कुणाची हरकत?
आमच्यात सर्वांत थोराने शेवटी बोलायचं असतं
आणि सर्वांत थोर, मारो अब्यो,
त्या दुपारी विचार करत होता.
विचाराचं भाषांतर मला येत नव्हतं.
साहेबांनी घड्याळ पाहिलं.
मी म्हणालो, नाही.

एका सहीला एक सोड्याची बाटली.
ज्यांना सही येत नव्हती त्यांना अंगठ्यावर मिळाली, तीही गार.
एकशे बारा बाटल्या.
पुढे त्याच कागदाच्या डोक्यावर
दुसरा मथळा आला : संमती.

कालव्याची पायाभरणी दोनदा झाली.
पहिल्या मंत्र्याने नारिंगी फीत कापली.
निवडणुकीत दुसरा म्हणाला, या कंत्राटाला वास येतो,
दोनशे मैलांवरून येतो.
निवडून आला, जवळ गेला,
आणि वास येईनासा झाला.
त्याची फीत हिरवी होती.
कंत्राटदार तोच, मांडववालाही तोच.
पहिल्याची संगमरवरी पाटी हबुयाने उचलून आणली,
नाव खाली करून तिच्यावर कपडे आपटते.
दगड चांगला आहे, म्हणते.

आता गावावरून तारा जातात.
रात्री त्या गुणगुणतात.
खाली आम्ही रॉकेलच्या उजेडात
फळत्या आंब्यांचे पैसे मोजतो,
आणि फळते आंबे काठाकाठाने करपत येतात,
कारण नदी पुरेशी खाली येत नाही
म्हणून समुद्र वर यायला लागलाय.
सज्जन आहे बिचारा. भरतीला येतो,
ओहोटीला मीठ ठेवून जातो.

परवा पुन्हा निरोप आला मला.
पलीकडच्या खाडीत बंदर होणार आहे,
माणसं कोळी आहेत, बोली थोडी वेगळी,
पण तुम्हाला जमेल.
दिवसाचे दोन हजार.
टोपी खुंटीवरच आहे.

त्याच संध्याकाळी मारो अब्यो आला, काठी टेकत.
तीन वर्षांनी.
पाणी मागितलं. मी दिलं.
खारट होतं, त्याने तोंड वाकडं केलं नाही,
सगळं प्यायला, आणि म्हणाला,
माझा विचार झाला.
सांग त्यांना.

काय सांगू, मी विचारलं.

तुला दोन्हीकडचं कळतं ना, तो म्हणाला,
आणि रिकामं भांडं
माझ्याकडे धरून बसून राहिला.