दहा सेकंद

ब्रनोत, चौथ्या मजल्यावर, लुडमिला
लॅपटॉप उघडते.
काळ्या पडद्यावर दोन ओळी:
वरची तिची, डेबियन.
खालची ओताकरची, स्लॅकवेअर.

त्याला सगळं हातानं करायला हवं असायचं.
वायफायसुद्धा आज्ञा टंकून जोडायचा,
आणि जोडलं गेलं की
जिन्यात ऐकू जाईल असा हसायचा.
तिला नको असलं काही.
अक्षरं ठसठशीत हवीत, प्रिंटर निमूट चालावा,
अपडेटनं सकाळ खाऊ नये.

भाचा म्हणतो, खालचं पुसून टाकू,
चाळीस जीबी मोकळी होईल.
बघू, म्हणते.

दहा, नऊ, आठ...
बाणाची कळ दाबली की मोजणी थांबते.
ती दाबते, खालच्या ओळीवर.
कॉफी करून येते.

पासवर्ड तर तिला ठाऊकच नाही.